रा. रा. राष्ट्रीय महामार्ग क्र. ७४८ यांस

मु. पो. रामनगर, ता. जोयडा, जि. उत्तर कन्नड

रा. रा. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७४८ (पूर्वाश्रमीचे ४ए) यांस,


पत्र उघडंच धाडतो आहे, कारण आपली काळजी नेमकी कुणाकडे आहे हे आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. रस्तेवाले वनवाल्यांकडे बोट दाखवतात, वनवाले कोर्टाकडे आणि कंत्राटदार आभाळाकडे. आभाळाचं म्हणाल तर ते खरंच आहे. कॅसलरॉकला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तो आपण यायच्या आधीपासून पडतो आहे, निविदा काढणाऱ्यांपासून लपवून ठेवलेला नव्हता.

आधी आपलं अभिनंदन. बेळगाव ते पणजी १५३ किलोमीटर, त्यातले ८२ कर्नाटकात आणि ७१ गोव्यात, असा आपला थाट. २०१० साली देशभरच्या महामार्गांचे आकडे बदलले तेव्हा आपलंही दुसऱ्यांदा बारसं झालं आणि ४ए चे आपण ७४८ झालात. आकडा वाढला, वाहनं घटली. एवढी शांतता लाभलेला राष्ट्रीय महामार्ग शोधून सापडला नसता. रामनगर सोडून तिनईघाटाकडे निघालं की माकडं भर रस्त्यात बसून एकमेकांच्या उवा काढताना दिसत, आणि हॉर्न वाजवला तर आमच्याकडेच रागाने बघत.

ही शांतता काही आपोआप आली नाही, त्यासाठी बरेच कष्ट घ्यावे लागले. बेळगावपासून खानापूरपर्यंत आपण चारपदरी झालात, गणेबैलला टोलनाकाही बसला. पुढे गुंजी, लोंढा, रामनगर, अनमोड हा पट्टा रानातला, म्हणून दुपदरीच ठेवायचा पण रुंद करायचा असं ठरलं. मग आपल्याला उकरलं. उकरून झाल्यावर झाडांचा आणि परवानग्यांचा वाद उभा राहिला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, स्थगिती आली. यंत्रं गेली आणि उकरलेलं तसंच राहिलं. उन्हाळ्यात तांबडी धूळ, पावसाळ्यात तांबडा चिखल, मधल्या दिवसांत दोन्ही. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याने भज्यांच्या परातीवर ओलं फडकं घातलं, तर तेही घटकाभरात विटकरी रंगाचं होई. ट्रकवाले चहाचा घोट घेत एकच प्रश्न विचारत, "चोर्ला चालू हाय न्हवं?" कधी अवजड वाहनांना बंदी, कधी वाहतूकच बंद. होता होता गोव्याची भाजी, दूध, पर्यटक, सगळ्यांनी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याची वाट धरली. तो अरुंद घाट बिचारा आपला भार वाहून खड्ड्यांत गेला आणि आपण विश्रांती घेत बसलात.

तारुण्यात आपण असे नव्हतात. १९६१ च्या १८ डिसेंबरला भारतीय सैन्याची ६३ वी ब्रिगेड अनमोडहूनच गोव्यात उतरली होती. पुढे पोर्तुगीजांनी पूल उडवलेले, वाटेत सुरुंग पेरलेले. तरी १९ तारखेच्या संध्याकाळी तिकडे शरणागतीच्या कागदावर सही झाली. या वेळी पुढे शत्रू नव्हता, सुरुंग नव्हते, नुसता खडीचा ढीग होता, तर त्याला वळसा घालायला आपल्याला वर्षं लागली.

रागावू नका. या तालुक्यातून जाणारी मोठी गोष्ट तालुक्यासाठी नसते, याची आम्हाला जुनी सवय आहे. मुरगाव बंदराकडची रेल्वे १८८८ साली कॅसलरॉकला आली ती घाटावरचा माल जहाजात चढवण्यासाठी. मग काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि तालुक्याचं ठाणं असलेलं सुपा गावच पाण्याखाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, सुप्याची कितीतरी घरं उठून इथे रामनगरला आली. ज्या गावातून हे पत्र लिहितो आहे ते विस्थापितांच्या वस्तीने वाढलेलं आहे. धरणाची वीज तारांवरून लांब निघून गेली. मग वाघ आले, म्हणजे होतेच, २००७ साली त्यांचा अणशी-दांडेली प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. या सगळ्यात पन्नासेक हजार माणसं दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली. त्यांच्या वाट्याला काय आलं? पाट्या. रानात शिरताना एक, बाहेर पडताना एक, धरणाचे फोटो काढू नयेत म्हणून आणखी एक.

आता एक गोष्ट गांभीर्याने, उपरोध बाजूला ठेवून. रान वाचावं म्हणून कोर्टात गेलेली माणसं आमची वैरी नाहीत. याच डोंगरातलं तिनईघाट-कॅसलरॉक-कुळे रेल्वेचं दुपदरीकरण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात अडवलं, तेव्हा मला तरी वाईट वाटलं नाही. उद्या हे डोंगर बोडके झाले तर काळी आटेल आणि आधी आम्हीच तहानेने मरू. आमचं भांडण आहे ते आधी खणून मग परवानगीच्या रांगेत उभं राहणाऱ्यांशी. झाड तोडू नये हे कळतं. खड्डा तरी कुठल्या कायद्याने तसाच ठेवला? आणि डोंगराचा पाय कापून रस्ता रुंद केला की डोंगर काय करतो हे २०२५ च्या जुलैत अनमोड घाटात दिसलंच. गोव्याच्या बाजूला रस्ता खचला आणि अवजड वाहनं पुन्हा चोर्ल्याकडे वळली.

आपल्याला आमच्या आतल्या वाटांची कल्पना नसेल. डिग्गी, बाजारकुणंग ही नावं आपल्या दिशादर्शक फलकांवर यायची शक्यता नाही. तिकडच्या कुणबी बायका डोक्यावर मुडलीच्या कंदांची टोपली घेऊन रान तुडवत बाजार गाठतात. पावसात ओहोळ चढला की पाड्याचा जगाशी संबंध तुटतो. अडलेली बाळंतीण कांबळ्याच्या झोळीत घालून चार माणसं खांद्यावरून उतरवतात, डांबरापर्यंत. डांबर लागलं की आपला इलाखा सुरू, आणि तिथे गाडी मिळेलच असं नाही, कारण वाहतूक केव्हाही चोर्ल्यावरून वळवलेली असू शकते.

म्हणून विनंती एवढीच. आपली पुढची निविदा निघेल, ती निघणारच, तेव्हा आपल्या मालकांच्या कानावर घाला की रुंदी आहे तेवढी पुरे. चार पदर, सेल्फी पॉइंट, घाटात दिवाळीसारखी रोषणाई, यातलं काही नको. दोनच पदर द्या पण बाराही महिने चालतील असे द्या. कड्याखाली गटारं काढा, जनावरांना ओलांडायला वाट ठेवा. आणि उरल्या पैशांत आतल्या ओहोळांवर मोऱ्या बांधा. एका उड्डाणपुलाच्या खर्चात आमच्या तालुक्याच्या किती मोऱ्या होतील याचा हिशेब आपल्या अभियंत्यांना करता येतो. त्यांनी तो पावसाच्या आधी करावा.

कळावे, लोभ आहेच, रहदारीही असावी.

आपला,
रामनगरच्या बसथांब्यावरचा एक प्रवासी