सागरतळ पाहून आलेले गृहस्थ

तेरणा, मांजरा किंवा बोरी यांपैकी कोणत्याही नदीचे नाव निघताच ‘यंदा पाणी आहे का?’ असा पहिला प्रश्न ज्या मुलखात विचारला जातो, त्या धाराशिव जिल्ह्यात अलीकडे एक नवी असामी आढळू लागली आहे. ती म्हणजे मालवणास जाऊन समुद्राच्या तळाशी उतरून आलेले गृहस्थ. हे बहुधा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असतात. टँकरमंजुरीच्या दरखास्तींवर शेरे मारण्यात त्यांची हयात गेलेली असते, आणि पोहणे त्यांना मुळीच येत नसते. परंतु पोहता न येणाऱ्यासही तारकर्लीचे प्रशिक्षक हाताला धरून पंचवीस-तीस फूट खाली नेतात, असे कळताच जावई पैसे भरून मोकळा होतो.

खरी अडचण मिशीची. डोळे आणि नाक झाकणारा तो मुखवटा चेहऱ्यास घट्ट बसावा लागतो, आणि ज्या भरघोस मिशीने आजवर तहसील कचेरीत दरारा राखला, तिच्याच केसांमधून खारे पाणी बिनपरवाना आत शिरते. प्रशिक्षक पोरगा वस्तरा सुचवतो. गृहस्थ व्हॅसलीनवर तडजोड करतात. मग काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळण्याचा हुकूम होतो, आणि हे एक काम मात्र ते जन्मभराच्या तंबाखूच्या तालमीमुळे सफाईने पार पाडतात. नाक चिमटीत धरून कानांत हवा फुंकावी, कारण दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो, हा उपदेशही ते मान डोलावून ऐकतात. पुढे, १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या त्या मालवणच्या पाण्यात रंगीत मासे प्रवाळाभोवती फिरताना दिसले, की प्रसन्न होऊन ते अंगठा उंचावतात. पाण्याखाली या खुणेचा अर्थ ‘मला वर न्या’ असा असल्यामुळे त्यांची प्रत्येक शाबासकी त्यांना होडीपाशी आणून सोडते.

गावी परतल्यावर मात्र नळदुर्गाची धडगत नसते. इब्राहिम आदिलशहाच्या काळी बांधलेला तेथील पाणीमहाल, जेथे बोरीचे पाणी डोक्यावरून कोसळत असता माणूस आत कोरडा उभा राहतो, तो ते एके काळी पाहुण्यांस अभिमानाने दाखवीत. आता ‘पाण्याखाली जाऊन कोरडे राहायचे, यात पुरुषार्थ तो काय!’ असा शेरा मारतात. समुद्राचे वर्णनही पंचनाम्याच्या थाटात होते: पूर्वेस खडक, पश्चिमेस पोपटी मासा, मध्ये मी स्वतः.

परवा एस. टी. स्थानकासमोरच्या हॉटेलात हे कथन ऐन रंगात आले असता भूमकडील एक शेतकरी बशीतला चहा संपवून म्हणाला, ‘‘सायेब, तिथं तीस फुटात एवढं पाणी लागलं म्हंता. आमचं बोर सहाशे फुटाला बी कोरडं गेलं. त्यातलं थोडं हिकडं आणायचं जमंल का?’’

गृहस्थांनी चष्मा सावरला आणि विचारले, ‘‘अर्जाला सातबारा जोडलाय का?’’