मिळकतकराचा प्रारूप आराखडा

पुणे महानगरपालिका व तिच्या सर्व खात्यांना या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की, आम्ही, म्हणजे या शहराचे नियमित करदाते, यंदाचा मिळकतकर भरण्याचा इरादा जाहीर करीत आहोत. इरादा म्हणजे भरणा नव्हे, हे पालिकेला समजावून सांगायची गरज नसावी. विकास आराखड्याची पहिली कायदेशीर पायरी इरादा जाहीर करण्याचीच असते आणि त्या पायरीवर किती वर्षं बसता येतं, याचा पालिकेचा अनुभव आमच्याहून दांडगा आहे.

थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. पण ती उशिराला लागते. आम्ही उशीर करत नसून नियोजन करत आहोत.

या कामी आम्ही पूर्वदाखले तपासले. शहराच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ साली मंजूर झाला. पुढचा आराखडा २००७ ते २०२७ या काळासाठी होता. तो हरकतींसाठी प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये. २०१५ मध्ये राज्य सरकारने तो पालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. मंजुरी आली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची निम्मी वर्षं तोवर सरली होती. मुंजीच्या वयात बारसं झालेलं हे अपत्य आजही पालिकेच्या मांडीवर आहे. तेव्हा यंदाचा आमचा कर दहा वर्षांनी मंजूर झाल्यास तो वेळेत भरला असं समजण्यात यावं.

प्रारूपाआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करावा लागतो. आम्ही विद्यमान खिसावापराचा नकाशा करायला घेतला आहे. त्यात काही चुका राहतील. मुंबईच्या २०१५च्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या की त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो रद्द करून नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. मुंबईसारख्या श्रीमंत पालिकेला स्वतःच्या इमारती नकाशात नीट दाखवता येत नसतील, तर आमच्या नकाशात जिथे पगार दाखवला आहे तिथे प्रत्यक्ष पाहणीत गृहकर्जाचा हप्ता उभा आढळल्यास कोणी आश्चर्य मानू नये.

कराच्या रकमेवर आम्ही रीतसर आरक्षण टाकलं आहे. ती रक्कम अन्य कशासाठीही वापरली जाणार नाही. मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम १२७ पालिकेने विसरू नये. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या दोन वर्षांत पालिका हलली नाही तर आरक्षण आपोआप उडतं. फ्लॅट घेताना ज्यांनी माहितीपत्रकात शेजारी ‘प्रस्तावित उद्यान’ पाहिलं होतं, त्यांना हे कलम तोंडपाठ असतं. त्यांच्या खिडकीतून आता बारा मजली उद्यान दिसतं. आमचंही आरक्षण असंच उडालं, तर त्या पैशांतून आम्ही काय बांधतो याची चौकशी करू नये.

उलट काही आरक्षणं अमर असतात. उंचावरून शहराला वळसा घालणारा सुमारे ३६ किलोमीटरचा एचसीएमटीआर हा रस्ता १९८७च्या आराखड्यात होता. २०१९ मध्ये त्याच्या निविदा आल्या आणि पुढे रद्दही झाल्या. त्याच्या रेषेत ज्यांची घरं आहेत त्यांना घर वाढवता येत नाही आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक नकाशा बघून पाय मागे घेतं. आजोबांनी झोन दाखला काढला तेव्हा तो रस्ता त्यावर होता, नातू काढतो तेव्हाही आहे. या शहरात एवढा टिकाऊ रस्ता दुसरा नाही. त्याला खड्डासुद्धा पडलेला नाही.

आता हरकती व सूचनांविषयी. २०१३च्या प्रारूपावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. प्रत्येकीला दोन मिनिटं दिली, तरी रोज आठ तास बसून जवळजवळ वर्ष जातं. पण त्या हरकती नोंदवणाऱ्यांकडे जरा निराळ्या नजरेने पाहा. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, नकाशाची रंगीत प्रत मिळवली, पिवळ्या रंगाचा अर्थ शेजारच्या वास्तुविशारदाला विचारला, अर्जाच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि आवक-जावकची खिडकी बंद व्हायच्या आत पोच घेतली. इराद्यापासून मंजुरीपर्यंतच्या दहा वर्षांच्या व्यवहारात दिलेली मुदत एकानेच पाळली, ती नागरिकाने. त्याला एक-दोन महिने मिळाले आणि ते त्याला पुरले. बाकीच्यांना दहा वर्षं अपुरी पडली.

सुनावणीसाठी कायद्यात सात जणांची नियोजन समिती असते : स्थायी समितीचे तीन आणि बाहेरचे तज्ज्ञ चार. आमच्या समितीत घरचे तीन आणि सोसायटीच्या कट्ट्यावरचे चार तज्ज्ञ आहेत. कामकाज पुढीलप्रमाणे चालेल :

“नाव?”

“कर आकारणी व कर संकलन खातं.”

“हरकत काय?”

“साहेब, बिल भरलेलं नाही.”

“आराखड्यात भरलेलं दाखवलंय ना?”

“दाखवलंय, पण प्रत्यक्षात...”

“प्रत्यक्षाचं इथे नका काढू. लेखी दिलंय?”

“दिलंय. साहेब, ड्रेनेजची कामं अडलीत हो.”

“नोंद घेतली. पुढचे कोण?”

बिल आम्ही स्वीकारू, मात्र ते भरण्याचं नियोजन आमच्याकडे राहणार नाही. त्यासाठी आम्ही ठाण्याच्या मेहुण्यांची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली आहे. ही कल्पनाही आमची नव्हे. जून २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या नियोजनाचा अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे गेला. त्यामुळे टँकर आला नाही तर गावकऱ्यांनी पालिकेत भांडायचं आणि टँकर ज्या इमारतींना पुरत नाही, त्यांचा नकाशा मात्र पीएमआरडीएत पाहायचा. त्याच पीएमआरडीएने २०२१ मध्ये आपल्या हद्दीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, सुनावण्या झाल्या आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने अख्खा आराखडाच रद्द केला. रद्द झालेल्या आराखड्यावर नोंदवलेली हरकत मान्य झाली की फेटाळली गेली, हा प्रश्न आमच्या कट्ट्यावरच्या चारही तज्ज्ञांना सुटलेला नाही. तूर्त पालिकेने मेहुण्यांशी पत्रव्यवहार करावा. मेहुणे आम्हाला विचारतील, आम्ही त्यांच्याकडे बोट दाखवू.

कर प्रत्यक्ष भरल्यावरही आम्ही काही अधिकार राखून ठेवत आहोत. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पुरती पंधरा वर्षंही न वापरता २०२०च्या टाळेबंदीत पाडला. मेट्रो येणार, म्हणून तिथे दुमजली पूल हवा होता. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर गाजावाजा करून बससाठी बीआरटी आणली आणि पुढे नगर रस्त्यावर बांधलेली तिची मार्गिका उखडली. बांधणं हा विकास आणि पाडणं हाही विकास, एवढं पुणेकर आता शिकला आहे. त्याच न्यायाने, एकदा दिलेला चेक अधिक चांगला, दुमजली चेक देण्यासाठी परत मागण्याचा हक्क आमच्याकडे राहील. दुमजली चेक येईपर्यंत पालिकेने पर्यायी मार्गाचा वापर करून सहकार्य करावं. गैरसोयीबद्दल दिलगिरीचा फलक आम्ही लावू.

मंजुरीनंतर कलम ३७ खाली किरकोळ फेरबदलही करता येतील. फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये, अशी कायद्याची अट आहे आणि आम्ही ती काटेकोर पाळू. आकड्यातलं एखादं शून्य कमी झाल्याने बिलाचं स्वरूप बदलत नाही. ते बिलच राहतं. शाळेच्या मैदानाची जागा निवासी झाली तरी शहर शहरच राहतं, तसंच.

एवढं सगळं ठरवायला तुम्हाला कोणी निवडून दिलं, असं पालिका विचारू शकते. कोणीच नाही. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला २०२६ उजाडलं. मधल्या काळात शहराच्या पैशांचे सगळे निर्णय प्रशासकाने घेतले. आमच्या पैशांवर आम्ही स्वतःला प्रशासक नेमलं आहे.

वरील प्रारूप आमच्या जिन्यातल्या फलकावर कार्यालयीन वेळेत पाहता येईल. नकाशाची रंगीत प्रत सशुल्क मिळेल. काळ्या-पांढऱ्या प्रतीत पिवळा आणि हिरवा सारखेच दिसतात, त्याला आमचा इलाज नाही. हरकती व सूचना तीन प्रतींत, कराच्या पावतीची छायांकित प्रत जोडून, एक महिन्याच्या आत सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही. मुदतीत आलेल्या हरकतींची नोंद घेतली जाईल.