चव्वेचाळिसाव्या वर्षी शिशु कसे व्हावे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करा. तुमची नोकरी गेलेली नाही. कंपनी भविष्यासाठी सज्ज झाली आणि त्या भविष्यात तुमची खुर्ची मावत नव्हती, एवढेच. २०२५च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२,००० माणसे, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले तेव्हाही भाषा भविष्याचीच होती आणि भर होता मधल्या व वरच्या पायऱ्यांवर. म्हणजे नेमका तुमच्यासारख्यांवर: वय चव्वेचाळीस, हुद्दा डिलिव्हरी मॅनेजर, मुक्काम वाकड, फ्लॅटचे हप्ते अजून अकरा वर्षे. घाबरू नका. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. कठडा नाही, तेवढे सांभाळा.

१. राजीनामा स्वतःच्या हाताने लिहा.

एचआरची मुलगी पाण्याचा ग्लास पुढे सरकवेल आणि म्हणेल, "सर, तुम्हीच पेपर टाकलेत तर रेकॉर्ड क्लीन राहील." तिचे ऐका. (बिचारीचे नाव पुढच्या यादीत आहे, तिला अजून कळलेले नाही.) राजीनामा दिलात की जाणे ही तुमची इच्छा ठरते आणि स्वेच्छेने गेलेल्याला कोणी भरपाई देत नसते. कामगार आयुक्तांकडे जाण्याची उबळ आलीच, तर आधी कायदा वाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत फार मायेने एक सोय केली आहे: कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी १५ दिवसांचा पगार, तोही ४५ दिवसांच्या आत थेट खात्यात. पंधरा दिवसांच्या पगारात माणूस नव्याने घडतो, हे सरकारदरबारी मान्य झाले ही आनंदाचीच गोष्ट. फक्त त्याच संहितेत व्यवस्थापकीय काम करणारा माणूस 'कामगार' धरलेला नाही आणि महिना १८,००० रुपयांहून जास्त मिळवणारा पर्यवेक्षकही नाही. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापून घ्यायला तुम्ही तीन अप्रेझल भांडला होतात. छापून मिळाले ना? मग झाले तर.

२. घरातून निघायची वेळ बदलू नका.

सोसायटीचा वॉचमन हा पिंपरी-चिंचवडमधला सर्वात अचूक रोजगारनिर्देशांक आहे. सकाळी साडेआठला लॅपटॉपची बॅग घेऊन गाडी बाहेर काढा. हिंजवडीच्या दिशेने वळू नका. जिथे आपल्याला जायचे नाही तिथे दीड तास अडकून राहणे नोकरीत असतानाच परवडते. लग्नकार्यात कोणी विचारले तर "सध्या ब्रेक घेतलाय" म्हणा. काकांनी दुसऱ्यांदा विचारले तर "कन्सल्टिंग." कन्सल्टिंग म्हणजे नेमके काय, हे काका विचारणार नाहीत, कारण त्यांचा जावईही तेच करतो.

३. वय उतरवा.

रिझ्युमेतून पदवीचे वर्ष काढून टाका. पहिल्यावहिल्या प्रोजेक्टात कोबोलवर काढलेल्या रात्री काढून टाका. पहिली दहा वर्षे गाळलीत की उरलेला माणूस चौतिशीचा दिसतो. फोटो मात्र नवा काढावा लागेल. केस रंगवताना भुवया विसरू नका. कॅमेरा आधी भुवयाच पाहतो.

मुलाखत सव्वीस वर्षांचा मुलगा घेईल. त्याने तुम्हाला नावाने हाक मारली तर आशा आहे. "सर" म्हणाला की समजा, मुलाखत संपली. उरलेली वीस मिनिटे तो आपल्या वडिलांना वाईट वाटू नये म्हणून बोलत असतो. त्याला सहकार्य करा.

४. स्वतःला अद्ययावत करा. मग पुन्हा करा.

भिंतीवर आधीच किती प्रमाणपत्रे आहेत ते मोजा. सिक्स सिग्मा. पीएमपी. स्क्रम मास्टर, ज्यासाठी दोन दिवस हॉटेलात बसून रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्यात. ब्लॉकचेनचे अर्धवट राहिलेले. प्रत्येक वेळी 'याच्याशिवाय पुढे टिकाव नाही' असे सांगण्यात आले आणि ते खरेच होते, कारण पुढे ते शिकवणाऱ्याचाच टिकाव लागला. आता एआय शिका. ज्याने तुमचे काम घेतले त्याच्याकडून काम करून कसे घ्यावे, हा अभ्यासक्रम आहे. शनिवार-रविवार, हप्त्यांची सोय.

निराश वाटले तर दावोसवाल्यांचा २०२५चा अहवाल उशाशी घ्या. २०३० पर्यंत जगात १७ कोटी नवे रोजगार येणार आणि ९.२ कोटी जाणार, असा त्यात अंदाज आहे. वजाबाकी करा: नफा ७.८ कोटी. जाणाऱ्या ९.२ कोटींमध्ये आपण आहोत हे कळायला अहवाल लागत नाही, पण येणाऱ्या १७ कोटींपैकी एक वाकडपासून रिक्षाच्या अंतरावर असेल, असे मानून झोपा.

५. शासनाच्या दारी जा.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत, जिला सगळे 'लाडका भाऊ' म्हणतात, पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले होते. वयोमर्यादा ३५. तुम्ही भाऊ आहात. लाडके असण्याची मुदत टळली. एमपीएससी? खुल्या गटाला ३८. कामगार तर तुम्ही पहिल्या पायरीलाच नव्हता.

मात्र एका खिडकीवर तुमचे स्वागत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाला 'शिशु' म्हणतात. त्यापुढे पाच लाखांपर्यंत 'किशोर', दहा लाखांपर्यंत 'तरुण' आणि ते फेडून दाखवलेत तर वीस लाखांचे 'तरुण प्लस'. माणसाला पुन्हा तरुण करण्याचा इतका सरळ, तारणाशिवायचा उपाय आयुर्वेदातही नाही. बँकेत जा, टोकन घ्या आणि आपला क्रमांक आला की ठणठणीत आवाजात म्हणा, "मला शिशु करा."

६. चहाचे दुकान टाका.

हे पुण्यात ओघानेच येते. अमृततुल्य ही मुळात राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी या शहरात रुजवलेली गोष्ट. पितळी भांडे, कुटलेले आले-वेलची आणि पहाटे उठणारा मालक. तुम्ही त्यात प्रोसेस आणा. फ्रँचायझी घ्या; म्हणजे फर्निचरचा रंग, कपाचे माप, मसाल्याची पुडी आणि गुळाचे गुणगान त्यांचे, गाळ्याचे भाडे तुमचे. चहा विकण्याआधी तुम्हालाच एक दुकान विकले गेले आहे, या तपशिलात फार शिरू नका. एक्सेल उघडा. रोज सहाशे कप धरा. सगळे सहाशेच धरतात. त्याच रस्त्यावर तुमच्याआधी कमी झालेल्या तिघांनीही सहाशेच धरले आणि चौघांचे मिळून गिऱ्हाईक एकच आहे: समोरच्या कंपनीतली माणसे. ती पुढच्या तिमाहीत कमी होणार आहेत.

गल्ल्यावर बसल्यावर 'डेली स्टँडअप' घेऊ नका. भांडी घासणाऱ्या मुलाला ब्लॉकर विचारलात तर तो तुमच्याकडेच बोट दाखवेल.

७. मातीकडे परता.

कृषिपर्यटन ही महाराष्ट्राची जुनी ओळख झाली आहे, २०२०पासून राज्याचे त्यासाठी धोरणही आहे. हुरडा, बैलगाडी, चुलीवरचे पिठले, शेणाने सारवलेल्या खोलीत एसी. शेतजमीन विकत घ्यायला आपल्याकडे आधी शेतकरी असावे लागते आणि शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे नावावर शेतजमीन. नोकरीसाठी अनुभव आणि अनुभवासाठी नोकरी हे तुम्हाला सव्विसाव्या वर्षी पाठ होते. आता सातबाऱ्यावर गिरवा.

म्हणून गावी जा. आजोबांच्या नावचा उतारा काढा. त्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, तीन आत्या, हक्कसोड न केलेली चौथी आत्या, एक विहीर सामाईक आणि सोसायटीचा बोजा निघेल. तुमच्या वाट्याला साधारण एका गाडीचे पार्किंग येईल. चुलतभाऊ जेवू घालतील, मटण करतील आणि जेवताना कोणीतरी सहज विचारेल, "दादा, आमच्या पोराला तुमच्या कंपनीत चिकटवता का?" हो म्हणा. वाद टळतो.

तलाठ्याला मात्र तलाठी म्हणू नका. तो आता ग्राम महसूल अधिकारी आहे. काम तेच, पाटी नवी. करिअर नव्याने घडवण्याचा इतका निर्मळ नमुना खासगी क्षेत्राने अद्याप दिलेला नाही.

८. पूर्वसुरींकडून प्रेरणा घ्या.

लोअर परळला जा आणि फिनिक्सच्या मॉलमध्ये एक चक्कर मारा. तिथे फिनिक्स मिल होती. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेला नाही. गिरण्याच मागे घेतल्या गेल्या. तेव्हा 'अपस्किलिंग' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, त्यामुळे लोकांनी ते नुसतेच केले: कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावची एसटी धरली, कोणी वॉचमनचा गणवेश चढवला. भोंग्यावर उठणाऱ्या त्या माणसांना कोणी लवचीक मानसिकतेवर व्याख्यान दिले नाही. तुम्ही नशीबवान, तुमच्या व्याख्यानात दुपारचे जेवणही असते.

९. बेरोजगारी कायमची संपवा.

वरचे काहीच जमले नाही, तर हा हमखास उपाय. देशाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात साप्ताहिक स्थितीचा हिशेब असा असतो: मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरतात. एक तास. काम पगारीच हवे असेही नाही. घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावणाराही त्यात बसतो. औद्योगिक संबंध संहिता, 'लाडका भाऊ', एमपीएससी आणि सातबारा ज्याला सामावून घेऊ शकले नाहीत, त्याला या रकान्यात ऐसपैस जागा आहे.

बायकोने घरातच डब्यांचा धंदा सुरू केलाय ना? तिच्याकडे आठवड्यातून एक तास मागून घ्या. ती आधी नाही म्हणेल, कारण मागच्या खेपेला तुम्ही पोळ्यांचा डॅशबोर्ड बनवला होतात. विनवणी करा. बुधवारी अकरा ते बारा डबे पुसा आणि सर्वेक्षणाचा माणूस दारात आला तर आतूनच ओरडून सांगा, काम चालू आहे. त्याने पगाराचे विचारले तर शून्य सांगा, लाजू नका. तेवढ्याने रकाना बदलत नाही. फक्त झाकणे उलटसुलट लावू नका. सांबाराच्या डब्याचे झाकण वेगळे असते.