नंबराचा भरवसा

९ डिसेंबर २०२३ ला दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात जिथल्या तिथे राहिले आणि मध्यचे त्यापुढे मोजायला घेतले. एकचा आठ झाला, तीनचा नऊ, चारचा दहा. दोन नंबर आधीच एक नंबर रुंद करण्यात खर्ची पडला होता. एकाच स्टेशनात दोन-दोन ‘एक नंबर’ असल्यामुळे परगावची माणसं भलत्याच जिन्याने चढायची, तेव्हा कारण रास्तच होतं. रोजच्या डोंबिवलीकराला मात्र फारसा त्रास झाला नाही. त्याने फलाटाचा नंबर कधी वापरलाच नव्हता. तो जिना ओळखतो, वडापावचा स्टॉल ओळखतो, आणि गर्दी ढकलेल तिकडे जातो. पंचाईत झाली ती नंबर पाठ करून ठेवणाऱ्यांची.

माझं पोट नेमक्या याच पंचाइतीवर चालतं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत पसरलेल्या एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे मी राउटर आणि स्विच यांच्यावर लक्ष ठेवतो. ‘लक्ष ठेवतो’ म्हणजे खुर्चीत बसून ग्राफ बघतो. ग्राफ येतात एसएनएमपीमधून, आणि ही पद्धत १९८८ पासूनची. यंत्राला ठरावीक वेळाने विचारायचं की अमुक पोर्टातून आत्तापर्यंत किती बाइट आत आले. ते एक भला मोठा आकडा सांगतं. त्यातून मागचा आकडा वजा करायचा, वेळेने भागायचं, रेघ पुढे सरकवायची. विचारायचं तेही आकड्यांतच : १.३.६.१.२.१.२.२.१.१०. यातला सहा हा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा. म्हणजे फडके रोडच्या मागच्या इमारतीत, जिन्याखाली मीटरच्या पेट्यांशेजारी टांगलेल्या स्विचची ख्यालीखुशाली विचारायची तरी पत्ता पेंटॅगॉनवरून जातो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

या आकड्यांच्या शेपटाला आणखी एक आकडा लागतो, तो म्हणजे इंडेक्स. कितवं पोर्ट, ते त्यावरून कळतं. १९९१ च्या नियमात या इंडेक्सबद्दल एवढीच हमी आहे की यंत्र एकदा सुरू झालं की पुन्हा सुरू होईपर्यंत तो बदलणार नाही. त्यानंतर तो तोच राहील, असं कोणी कबूल केलेलं नाही. नियम लिहिणाऱ्यांकडे बहुधा लाइट जात नसावी.

आमच्याकडे जाते. पावसाळ्यात तर न विचारता जाते. लाइट आली की यंत्रं जागी होतात आणि आपली पोर्टं नव्याने मोजायला घेतात. मध्ये एखादं कार्ड वाढलेलं असेल तर बाराचं तेरा होतं. काही कंपन्यांच्या यंत्रांत जुने नंबर लक्षात ठेवायची सोय असते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि मुद्दाम करायच्या गोष्टी आपल्याकडे कशा राहतात ते सांगायला नको. त्यात छोट्या पुरवठादारांचा लाडका राउटर म्हणजे मायक्रोटिक. त्यावर प्रत्येक ग्राहकाची जोडणी हेच एक तात्पुरतं पोर्ट असतं. ग्राहकाने घरातला राउटर बंद करून चालू केला की जुनं पोर्ट मोडलं, नवं उभं राहिलं, नवा इंडेक्स. एका गल्लीची लाइट गेली की सबंध गल्लीचे नंबर बदलतात.

हे घडलंय हे ओळखायचं कसं? यंत्र तक्रार करत नाही. त्याला तेरा नंबरचं विचारलं, त्याने तेराचं सांगितलं. त्याच्या लेखी सगळं आलबेल. पहिली खूण म्हणजे रीबूटच्या आसपास ग्राफवर उगवलेला सुळका. परक्या पोर्टाच्या मोठ्या आकड्यातून आपला जुना आकडा वजा झालेला असतो, आणि त्या मिनिटापुरती एक चाळ सगळ्या ठाणे जिल्ह्याचं नेट ओढताना दिसते. (३२ बिटांचा जुना काउंटर असेल तरीही आकडे असे वेडेवाकडे येतात. तो ४२९ कोटी बाइटांना भरून पुन्हा शून्यावर येतो, आणि एक गिगाबिटची लाइन तुडुंब वाहत असेल तर ३४ सेकंदांतच. पण ते दुखणं वेगळं, औषध वेगळं : ६४ बिटांचा काउंटर विचारायचा.)

दुसरी खूण मला जास्त आवडते. डोंबिवलीतल्या राहत्या इमारतीचा ग्राफ सकाळी सातला जरा मान वर करतो आणि नऊनंतर झोपतो, कारण इमारत लोकलमध्ये असते. दुपारी आज्यांच्या मालिकांपुरती उंची. २०२० नंतर घरून काम करणाऱ्यांचं एक बुटकं पठार त्यात आलं. मग रात्री साडेआठपासून चढण, आणि मध्यरात्र उलटली की दरी. मॅच असेल तर चढणीला भिंतीचा आकार येतो. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसचा ग्राफ याच्या अगदी उलटा : दहाला चढतो, दीडला डबा खातो, साडेसहाला उतरतो, रविवारी सपाट. त्यामुळे टिळकनगरमधली एखादी सोसायटी अचानक दहा ते साडेसहा काम करून रविवारी सुट्टी घेऊ लागली, की तिथल्या मंडळींच्या सवयी सुधारल्या असं समजायचं नाही. इंडेक्स सरकला असं समजायचं. नाव झाकून नुसता ग्राफ दाखवला तरी तो घराचा की ऑफिसचा हे आमच्यातलं कोणीही सांगेल. हे कौशल्य बायोडेटात कुठे लिहायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.

इलाज सोपा वाटतो. नंबर सोडा, नाव धरा. त्यासाठी १९९४ मध्ये पोर्टाला सुटसुटीत नाव आणि १९९७ मध्ये माणसाने लिहायचं वर्णन, असे दोन वेगळे रकाने दिले गेले. आम्ही वापरतो ते झॅबिक्स नावाचं सॉफ्टवेअर हेच करतं. रिगा शहरात बँकेत काम करणाऱ्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी ते १९९८ मध्ये करायला घेतलं आणि २००१ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. (मायक्रोटिकही रिगाचंच. लाटव्हियातल्या एका गावाला आमच्या गल्ल्यांची इतकी काळजी का, कोण जाणे.) झॅबिक्सला सांगायचं की या नावाचं पोर्ट शोध, त्याचा आजचा इंडेक्स काढ, मग बाइट विचार. ते सगळी यादी एकदा वाचून लक्षात ठेवतं, आणि पुढच्या खेपेला त्या नंबरावर अजून तेच नाव आहे ना, हे आधी तपासतं. नाव हललं असेल तर पुन्हा यादी. घरातून फलाट बघून निघालेल्या माणसाने स्टेशनात शिरताना पुन्हा एकदा इंडिकेटरकडे मान वर करावी, इतकी साधी सावधगिरी आहे ही.

मात्र नाव तंतोतंत जुळावं लागतं. एका रकान्यात ‘गिगाबिटइथरनेट०/१’ आणि दुसऱ्यात ‘जीआय०/१’ असेल तर शोधणाऱ्याला ती दोन वेगळी पोर्टं. तेव्हा अडलं की आधी एसएनएमपी वॉक काढायचा, म्हणजे यंत्राकडून पूर्ण यादी वदवून घ्यायची आणि नाव डोळ्यांनी वाचायचं. कल्याणच्या एका क्लासमधल्या विंडोज सर्व्हरने डोळ्यांनाही दाद दिली नाही. अक्षर न् अक्षर बरोबर, तरी झॅबिक्स म्हणे सापडत नाही. यादीत त्या ओळीपुढे ‘स्ट्रिंग’ऐवजी ‘हेक्स-स्ट्रिंग’ होतं, तिथे कोडं सुटलं : नावाच्या शेवटी एक न दिसणारा शून्य बाइट चिकटलेला होता.

आणि एकाच ग्राहकाची दोन पोर्टं झाली तर? जुनी जोडणी अर्धमेली लटकत असते, तेवढ्यात नवी होते, आणि मायक्रोटिक नव्या नावाला ‘-१’ असं शेपूट लावतं. झॅबिक्स इमानाने जुन्या नावामागे उभं राहतं, आणि रेघ शून्यावर. अशाच एका संध्याकाळी आमच्या ऑफिसातल्या मुलाने डोंबिवलीतल्या एका ग्राहकाला आपणहून फोन लावला.

“काका, तुमचं नेट बंद आहे ना? आम्ही बघतोय, करतो चालू.”

“बंद? अरे, मॅच बघतोय मी! अठरावी ओव्हर चाललीय. कशाला हात लावू नकोस बाबा!”

त्याने लावला. सिस्टिममध्ये लाल दिसत होतं, आणि लाल दिसलं की जोडणी तोडून पुन्हा करायची असं त्याला शिकवलेलं होतं. त्यानंतर काका जे बोलले ते कॉल रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि नव्या भरतीला ऐकवलं जातं.

राहिला माणसाने लिहायचा वर्णनाचा रकाना. त्यात ६४ अक्षरं मावतात आणि ती यंत्राने रीबूटनंतरही जपायची असतात, म्हणून शोधासाठी तोच उत्तम, असं मी सगळ्यांना सांगतो. शिडीवर चढलेली आमची मुलं त्यात ‘न्यू’, ‘न्यू२’, ‘टेस्ट’, ‘पाटील जुना’ असं लिहून खाली उतरतात. खडकपाड्याच्या एका स्विचवर तर दोन पोर्टांना एकच वर्णन आहे : ‘हलवू नये’. सारखी नावं असली की झॅबिक्स त्यातलं एकच धरतं. त्या एकाचा ग्राफ रोज येतो. दुसऱ्यावर कोण आहे ते वायर उपटून बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि उपटायला कोणी धजत नाही.