तात्यांची पट्टी

ज्यांना सरकारने पेन्शन आणि परमेश्वराने शंका या दोन्ही गोष्टी तहहयात बहाल केल्या आहेत, अशा एखाद्या निवृत्त ओव्हरसीअरशी आपली गाठ पडलेली असणारच. आमच्या चाळीतील तात्या हे त्या जमातीचे मुकुटमणी होत. नव्या बिऱ्हाडात सत्यनारायणाचा प्रसाद तोंडात टाकताच ते तडक न्हाणीघरात शिरतात, धोतराचा सोगा सावरून उकिडवे बसतात, पिण्याच्या नळापासून बिडाच्या व्हेंट पाइपापर्यंत पट्टी धरतात आणि कानामागच्या पेन्सिलीने भिंतीवर आकडा नोंदवीत यजमानास विचारतात, "अंतर किती?"

वस्तुतः त्या पाइपातून मैला नव्हे, हवा ये-जा करते. वरच्या मजल्यावर एकदम पाणी सोडले असता नहाणी ट्रॅपमधले दोन इंच पाणी ओढले जाऊन दुर्गंधीस घरात मुक्तद्वार मिळू नये, एवढ्यासाठीच तो छपराबाहेर डोके काढून उभा असतो, आणि शेजारच्या नळाभोवती पाना फिरण्यापुरती जागा राहिली की त्याच्याविरुद्ध कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. हे सारे मला तात्यांनीच शिकविले, आणि शिकवून होताच आपले नऊ इंचांचे फर्मान कायम ठेविले! एका लग्नात त्यांनी "अंतर किती?" म्हणून विचारले, तेव्हा वधूपिता अदबीने "सहा वर्षांचे" म्हणाला; तात्यांची नजर मांडवामागील पाण्याच्या पिंपावर आणि त्यालगतच्या मोरीवर होती.

पुढे पावसाळ्यात चाळीत कावीळ शिरली. आम्ही दैवाला आणि आंबेवाल्याला बोल लावीत बसलो असता तात्या पट्टी घेऊन गल्लीत उतरले. आमचा जोडनळ उघड्या गटारातून आडवा गेलेला, सांध्यातली सुतळी कुजलेली. पाणी बंद झाले की रिकाम्या नळात पोकळी होते आणि तो सांधा गटार आत ओढतो. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या उपशात सांडपाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली होती, हे ते दारोदार सांगत फिरले. ज्यांनी त्यांना न्हाणीघरातून बाहेर काढले होते, त्यांच्याही दारी, पाणी उकळा म्हणून हात जोडीत. त्यांच्याविषयी आदर वाटला, हे नाइलाजाने नमूद करतो.

रस्त्यातला नळ गटारापासून दहा फूट दूर आणि वरच्या पातळीवर असावा; येथे अंतर शून्य, अशी दरखास्त त्यांनी रीतसर गुजरली. तीवर "चौकशी चालू" असा शेरा मारून ती दफ्तरी दाखल झाली आहे आणि नळ अद्याप गटारातच आहे. वाचकहो, तूर्त पाणी उकळूनच प्यावे.