बाण न मारता तिरंदाज व्हा

अभिनंदन! तुम्ही कंपाउंड बो घेतलात. किंमत लाखाच्या पुढे गेली हे घरी सांगू नका. "मित्राचा आहे, ठेवायला दिलाय" एवढं उत्तर सध्या पुरे. तो मित्र कधीच न्यायला येत नाही हे लक्षात यायला घरच्यांना वर्ष लागतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. बाण मारला की तो कुठे लागला हे शेजाऱ्यांनाही दिसतं. जुळवणीचं, म्हणजे ज्याला आपण ऐटीत ट्यूनिंग म्हणतो त्याचं, तसं नाही. ट्यूनिंग चालू आहे तोवर तुम्ही उत्तम तिरंदाज आहात, आणि ते चालू ठेवणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे.

साध्या धनुष्याच्या नादी तर लागूच नका. बुऱ्हाणपूर सोडून सातपुड्याकडे निघालात की बारेला आदिवासींच्या घरी भिंतीला बांबूचा तीरकामठा टांगलेला दिसेल. दोरीही बांबूच्याच सालीची. त्यात स्क्रू नाही, चाक नाही, भिंग नाही. नेम चुकला तर बोट दाखवायला मारणाऱ्याखेरीज कोणी सापडत नाही. अमेरिकेत मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याची टोकं कापून तिथे चाकं बसवली, 1969 मध्ये त्यांना पेटंट मिळालं, आणि ही अडचण कायमची मिटली. आता बोट दाखवायला कॅम (म्हणजे तीच चाकं), केबल, स्ट्रिंग, पीप, रेस्ट, साइट, स्टॅबिलायझर एवढी मंडळी हाताशी आहेत. एकेकावर महिना घातला तरी पावसाळा निघतो.

1. माप घ्या. भिंतीला पाठ टेकवून दोन्ही हात पसरा, मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे इंच मोजा आणि अडीचने भागा. सत्तर आले तर तुमची ओढ अठ्ठावीस इंचांची. हे उत्तर बहुतेक बरोबर येतं, म्हणून त्यात लगेच एक इंच वाढवा; कमी मापाचा बो कमी उंचीच्या माणसाचा वाटतो. आता ओढताना तुम्ही मागे झुकाल, स्ट्रिंग कानाच्या मागे जाईल आणि सुटताना कोपराच्या आतल्या बाजूला सपकन बसेल. निळा डाग पूर्ण बाहीच्या शर्टात झाकतो.

2. ताकद ठरवा. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात कंपाउंडला 60 पौंडांची कमाल मर्यादा आहे. कमाल म्हणजे किमान, असं समजून चाला. दुकानदार सांगेल की कॅम फिरला की ऐंशी टक्के भार उतरतो आणि हातात फक्त 12 पौंड राहतात. खरं आहे. त्या बारापर्यंत जायची वाट साठावरून जाते, एवढंच तो सांगायचं विसरतो. खुर्चीवर बसून, बो सरळ समोर धरून शांतपणे ओढता आला तर ताकद योग्य, असं जाणकार म्हणतात. तुम्ही उभे राहा, बो आभाळाकडे करा, दात आवळा आणि हिसका द्या. स्पर्धेत असं केलं तर पंच हटकतात, कारण चुकून सुटलेला बाण मैदान ओलांडून जातो. पण स्पर्धेला जायचं कोणाला आहे?

ओढलेला बो बाण न सोडता परत न्यायचा असेल तर आणखी मजा. थोडा पुढे सरकलात की कॅम उलटा फिरतो आणि उतरलेला सगळा भार एका झटक्यात खांद्यावर येतो. ब्रह्मास्त्र सोडता आलं पण आवरता आलं नाही, अशी अश्वत्थाम्याची गोष्ट आहे. तो आपल्या जवळचाच. असीरगडावरच्या महादेवाला भल्या पहाटे फूल वाहून जातो आणि जखमेसाठी तेल मागत फिरतो, अशी इकडची जुनी समजूत. रात्री खांदा चोळून घेताना त्याच्यासाठी थोडं तेल बाजूला काढून ठेवा.

3. कॅम जुळवा. खरी मौज इथे आहे. दोन्ही कॅम ओढीच्या शेवटी एकाच क्षणी अडले पाहिजेत. एक आधी अडला की ओढीच्या शेवटचा अडसर, ज्याला भिंत म्हणतात, तो मऊ लागतो, बाण वरखाली जातात. उपाय केबलला एखादा पीळ देण्याचा किंवा काढण्याचा. पण त्यासाठी लिंब, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवचिक पट्ट्या, दाबून धरणारा बो प्रेस लागतो, आणि प्रेसशिवाय स्ट्रिंग उतरवायला जाणं म्हणजे दवाखान्यात जाणं. प्रेस घरी नसणं हे तुमचं भाग्य समजा. "प्रेसला जबलपूरला न्यायचाय, तिथे राज्याची अकादमी आहे," हे वाक्य पाठ करा. रात्रभराचा प्रवास असल्यामुळे कोणी "आज जाऊन या" म्हणत नाही.

एक सावधगिरी. ओळखीत कोणी प्रेस आणला, तर त्याच्या जवळपास पॉवरलूमचा जॉबर फिरकू देऊ नका. बुऱ्हाणपूर शहरभर माग आहेत, त्यामुळे हा धोका खरा आहे. जॉबरचं आयुष्य धोटा वेळेवर सुटतो की नाही हे बघण्यात गेलेलं असतं. मागातही कॅम असतो, आणि पीळ म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. तो बो हातात घेईल, कॅमवर खडूची रेघ मारेल, दोनदा ओढायला लावेल, "खालचा मागे राहतोय, या केबलला एक पीळ द्या," म्हणेल आणि बिडी पेटवेल. एक पीळ दिला की काम संपलं! तुमचे तीन महिने त्या माणसानं चहा यायच्या आत खाऊन टाकले.

4. कागद फाडा. बाण धनुष्यातून सरळ निघतो का हे पाहायला सहा-सात फुटांवर लाकडी चौकटीत कागद ताणून बांधतात, मागे भक्कम टार्गेट ठेवतात आणि कागदातून बाण मारतात. कागदाचा तुटवडा आपल्याला नाही. देशात वृत्तपत्राचा कागद पहिल्यांदा बनला तो नेपानगरला, आपल्याच जिल्ह्यात. 1956 साली पंडित नेहरूंनी ती गिरणी राष्ट्राला अर्पण केली. एवढी परंपरा पाठीशी असताना कागद दोन-चार किलोच फाडणं शोभत नाही. टार्गेटही इथलंच करा. मागावरच्या चिंध्या पोत्यात गच्च ठोकून भरल्या की बाण अडतो आणि सहज निघतो. केळीच्या खांबावर मारण्याचा मोह सगळ्यांना होतो. बाण आरपार जाईल, आणि केळीच्या चिकाचा डाग शर्टावरून उतरत नाही हे रावेर-बुऱ्हाणपूर पट्ट्यात नव्यानं सांगायला नको.

आता फाटलेला कागद वाचायला शिका. नीट गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा दिसल्या तर झालं. तो कागद कोणाला न दाखवता फेकून द्या. शेपटीकडची फाट वर गेली तर नॉक, म्हणजे बाणाची शेपटी स्ट्रिंगवर बसते ती जागा, खाली घ्या किंवा बाण टेकतो ती रेस्ट वर. खाली गेली तर उलट. फाट डावी-उजवीकडे गेली की तुमचा सण सुरू. रेस्ट कुठल्या बाजूला सरकवायची याबद्दल दोन जाणकारांची तीन मतं असतात, ती तिन्ही आळीपाळीनं पाळा. प्रत्येक बदलानंतर एकच बाण मारा. एका बाणावरून कशाचाच निष्कर्ष निघत नाही, आणि आपल्याला निष्कर्ष नकोच आहे.

डाव्या-उजव्या फाटीचं एक कारण मात्र या मार्गदर्शकाबाहेर जाऊ देऊ नका: बहुतेक वेळा ती फाट हाताची असते. बो मुठीत आवळला की हँडल किंचित पिळतं आणि बाण वाकडा निघतो. पंजा सैल सोडला, हँडल अंगठ्याच्या मुळाशी नुसतं टेकवलं, तर रेस्टला हात न लावता फाट जाते. हे फुकट आहे. फुकटच्या उपायाला क्लबात मान नाही.

5. साइट लावा. बाण डावीकडे लागले तर साइट डावीकडे सरकवायची, खाली लागले तर खाली. बाणाच्या मागे जायचं, एवढाच नियम. तुम्ही मनाला पटेल तसं करा, म्हणजे उलट. एक रविवार निघून जाईल.

6. बुडबुडा सांभाळा. साइटच्या भिंगाखाली एक द्रव भरलेली नळी असते, तिच्यातला बुडबुडा मधोमध असला की बो उभा सरळ. तो कधीच मधोमध नसतो. आपल्या कुंडी भंडाऱ्यात 1615 च्या सुमारास, रहीम खानखानाच्या काळात, जमिनीखाली बोगदे खणून कुंड्यांची रांग अशा उतारानं जोडली की पाणी आपोआप शहराकडे यावं. आजही ते वाहतं. त्या लोकांकडे तीन-अक्षांची साइट नव्हती, हे निमित्त करून तुम्ही आणखी महागडी साइट मागवा.

7. रिलीज निवडा. कंपाउंडची स्ट्रिंग बोटांनी ओढत नाहीत, स्ट्रिंगवरच्या डी-लूप नावाच्या फासात अडकवायचं यंत्र असतं. एक तर्जनीनं सुटतं, एक अंगठ्यानं, एक पाठीचे स्नायू आवळत नेले की नकळत. अंगठ्याचं घ्या. एकलव्याचा अंगठा द्रोणाचार्यांनी गुरुदक्षिणेत घेतला, आणि भिल्ल आजही अंगठा न लावता दोन बोटांनी बाण ओढतात ते त्याच्या आठवणीनं, असं सांगतात. आपलं राज्य सरकार उदयोन्मुख खेळाडूंना एकलव्याच्याच नावानं पुरस्कार देतं. अंगठ्याचं बटण तेवढं पंधरा-वीस हजारांना पडतं. अधूनमधून टार्गेटच्या पिवळ्या मध्यावर साइटची टिकली आली की अंगठा आपोआप दचकून बटण दाबतो. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि उपाय आहे महिनोन् महिने डोळे मिटून जवळून बाण मारण्याचा. किंवा दुसरं रिलीज घेण्याचा. तुम्ही कुठला निवडाल हे मला ठाऊक आहे.

8. चौथी पायरी पुन्हा करा.

9. रिकामा बो ओढून सोडू नका. इथे थट्टा नाही. बाणाशिवाय स्ट्रिंग सुटली की सगळा जोर लिंब आणि कॅमवर येतो, ते तुटतात आणि तुकडे चेहऱ्याकडे येतात. अति हलका बाणही तेच करतो. पौंडामागे निदान 5 ग्रेन धरतात, म्हणजे 60 पौंडांना 300 ग्रेन. मे महिन्यात बंद गाडीत बो ठेवू नका. आणि मेहुण्याच्या हातात तर कुठल्याच ऋतूत देऊ नका. "बघू, किती जड आहे" म्हणणारा मेहुणा प्रत्येक घरात असतो.

10. शंकेखोरांची तोंडं बंद करा. कोणीतरी साताऱ्याचं नाव काढणारच. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, आणि तिच्याच अकादमीत सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे अंतिम सामन्यात पंधरापैकी पंधरा बाण दहात घालून, 150 पैकी 150 करून, जगज्जेता. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं असतं. त्यांनी उसाच्या शेताकडेला सराव केला म्हणे. तुम्ही म्हणा, "उसाकडेला वारा अडतो, केळीत तसं नाही." मग समोरचा शेजारच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरचं नाव काढेल, त्यानं त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला अंतिम फेरीत हरवलं. बुलढाण्याचं हवामान आपलंच असल्यामुळे इथे वाऱ्याचा उपयोग नाही. "त्याचा बो जुळलेला होता," एवढंच म्हणा आणि विषय बदला.

शीतल देवीचं नाव निघालं तर गप्प बसा. हात नसताना पायानं बो धरून जबड्यानं रिलीज सोडणाऱ्या आणि 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये पदक घेणाऱ्या मुलीसमोर, हँडल अर्ध्या मिलिमीटरनं जाड आहे ही तक्रार मांडायला जागा उरत नाही. पाणी प्यायला म्हणून उठा.

"मग तुम्ही कधी खेळणार?" असं थेटच विचारलं तर 2028 सांगा. लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये येते आहे. तोवर केबल बसतील.

11. बो विका. नवीन मॉडेल दर वर्षी येतं, त्यामुळे जुना विकल्याशिवाय जुळवणी नव्यानं सुरू करता येत नाही. जाहिरातीत "बाण फारसे मारलेले नाहीत" असं लिहा. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही खरं लिहिताय, घाबरू नका. घ्यायला बहुधा एखादी शाळकरी मुलगी येईल, वडील बरोबर. ती ओढीचं माप विचारेल, वाढवलेला इंच कमी करून घेईल, लिंबचे स्क्रू सैल करून ताकद उतरवेल, पंजा सैल ठेवून चिंध्यांच्या पोत्यावर तीन बाण मारेल. तिन्ही बाण एकमेकांना खेटून बसतील. वडील तुमच्याकडे पाहतील. चेहरा गंभीर ठेवा, पोत्याजवळ जा, वाकून बाणांच्या शेपट्या बघा आणि म्हणा, "छान. पण नॉक जरा वर वाटतो, काय?"

आणि पैसे रोख घ्या.