ब्लॉक मिळाला का?

मुंबईत रेल्वेच्या कामाला सिमेंट मिळतं, गर्डर मिळतात, पैसेही उशिरा का होईना मिळतात. वेळ मात्र मिळत नाही. गाड्या थांबवून कामाला दिलेल्या या वेळाला आम्ही ‘ब्लॉक’ म्हणतो, आणि तो मागावा लागतो.

मी एका कंत्राटदार कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि लोकलच्या रुळांवरून जाणारा रस्त्याचा एक पूल सध्या माझ्या गळ्यात आहे. कार्डावर ‘मॅनेजर’ छापलंय खरं, पण साइटवर माझ्या मालकीचं काहीच नाही. रूळ पी-वे खात्याचे, तारा ट्रॅक्शनच्या, सिग्नल एस अँड टीचे, गाड्या ऑपरेटिंगच्या, आडवी येणारी झाडं महापालिकेची. लग्नात भटजी, आचारी, फोटोग्राफर आपापल्या जागी असतात आणि एक मामा उगाच घामाघूम होऊन हॉलभर फिरत असतो. तो मी.

नातेवाइकांच्या लेखी मात्र अख्खी मध्य रेल्वे माझी. डोंबिवलीच्या आत्याचा रविवारी सकाळी फोन ठरलेला. “अरे, आजही लावलास का मेगाब्लॉक? मला दादरला साखरपुड्याला जायचंय.” मी सांगतो, आत्या, तो देखभालीचा ब्लॉक, त्याचा माझा संबंध नाही. “मग तुझा कधी असतो?” रात्री, तू झोपल्यावर. “मग चालेल,” ती उदारपणे परवानगी देते. “बरं, कोकणकन्येचं वेटिंग क्लिअर होईल का रे?”

आत्यासारखी परवानगी रेल्वेनं दिली असती तर पूल केव्हाच झाला असता. तिथे आधी अर्ज, मग संयुक्त पाहणी, मग पाहणीच्या टिपणावर सगळ्या खात्यांच्या सह्या. सही करायला कुणाची ना नसते. फक्त प्रत्येकाला आपली सही शेवटची हवी असते.

समजा, अखेर 1.20 ते 3.50 असा ब्लॉक मिळाला. तर शेवटची लोकल नेमकी त्याच रात्री रेंगाळते. ती गेली की कंट्रोलला एका मालगाडीची आठवण होते. तीही जाते. मग ओव्हरहेड तारेतली वीज बंद करायची. ती 25,000 व्होल्टची, आणि बंद केली म्हणजे मेली असं धरायचं नाही. ट्रॅक्शनची माणसं लांबलचक अर्थिंग रॉड घेऊन येतात, कामाच्या दोन्ही बाजूंना तो तारेला अडकवतात आणि मग कुठे परवानगीचा कागद माझ्या हातात पडतो. तोपर्यंत क्रेनवाला बिडी विझवून, पेटवून, पुन्हा विझवून बसलेला असतो. शेवटीही हेच सगळं उलट्या क्रमानं करायचं. मधे उरेल तो वेळ माझा. त्यात गर्डर इंचाइंचानं सरकतो, आणि दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी फोन येतो, “झालं का?”

या धंद्यात तोंडी शब्दाला किंमत नाही. स्टेशन मास्तर महत्त्वाचा निरोप देताना एकमेकांना ‘प्रायव्हेट नंबर’ देतात. तो वहीत चढला की निरोप पोचला. मला ही पद्धत इतकी आवडली की घरी कौतुकानं सांगितली. बायकोनं दुसऱ्याच दिवशी दही आणायला सांगताना नंबर दिला. तेव्हापासून ‘तू सांगितलंच नव्हतंस’ हे माझं हुकमी वाक्य कायमचं बाद झालंय.

मुख्य कार्यालयाला हे सगळं रंगांत हवं असतं. लाल, पिवळा, हिरवा. आमचं काम गेल्या पावसाळ्यापासून 97 टक्के झालेलं आहे. उरलेल्या तीन टक्क्यांत आडवी आली एक केबल. एका खड्ड्यात ती निघाली, काळी, अंगठ्याएवढी. सिग्नलवाले आले, म्हणाले आमची नाही. टेलिकॉमवाल्यांनी वाकून, बोटानं माती पुसून पाहिली, त्यांचीही नव्हे. वीजवाल्यांनी लांबूनच मान हलवली. बेवारस केबल कापली की मालक पाच मिनिटांत उगवतो, असं आमच्याकडचे जुने सुपरवायझर सांगतात. म्हणून आम्ही कापत नाही. रोज सकाळी तिचा फोटो काढून सगळ्या खात्यांना पाठवतो.

अशा वेळी मला जेम्स बर्कले यांचा हेवा वाटतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तो मार्ग बांधणाऱ्या कंपनीचे हे मुख्य इंजिनीअर. पुढे बोरघाटही त्यांच्याच अखत्यारीत होता. घाटातला कातळ, पावसाळा, मजुरांचे हाल हे सगळं मान्य. पण साहेबांना ब्लॉक मागावा लागला नव्हता! चोवीस तास रूळ मोकळे, कारण धावायला गाडीच नव्हती. आमच्या पिढीत असं भाग्य क्वचित. नोव्हेंबर 2022 मध्ये मशीद बंदरजवळचा दीडशे वर्षं जुना कर्नाक पूल पाडायला 27 तासांचा ब्लॉक दिला होता. आमचे साइट इंजिनीअर अजून तो आकडा ऐकला की खुर्चीत सरळ बसतात.

आणखी एक गंमत बाहेरच्यांना खरी वाटत नाही. रुळांवरून पूल टाकायचा तर रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते, आणि हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली येतात. रेल्वेनं स्वतःच स्वतःला पास करू नये म्हणून 1941 मध्ये ही तपासणी रेल्वेकडून काढून टपाल आणि हवाई खात्याकडे दिली. हेतू उत्तम, मलाही पटतो. फक्त आत्याला सांगायची सोय नाही. विमान खातंही माझ्या ओळखीचं, असा तिचा समज होईल.

केबल आहे तिथेच आहे, पण मागच्या आठवड्यात शेवटचा गर्डर बसला. ब्लॉक वेळेत सोडला, पहिली लोकल गेली, रेल्वेच्या हद्दीतला पूल उभा राहिला. दोन्ही बाजूंचे चढ मात्र आमच्या कंत्राटात नाहीत. ते दुसऱ्यांकडे, आणि त्यांची निविदा अजून निघायची आहे. रोज सकाळी फिरायला येणारे एक आजोबा कुंपणापाशी थांबले.

“साहेब, पूल झाला?”

“आमचा भाग झाला, आजोबा.”

“तुमचा कुठला?”

“मधला.”

त्यांनी हवेत उभ्या असलेल्या त्या पुलाकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. “मग त्याच्या खाली एक स्टेशन बांधा, जिना लावा. निदान लोकलमधून उतरून तरी चढता येईल.”

मी हसलो. पण डोकं रेल्वेचं, त्यानं तोवर त्या स्टेशनला किती ब्लॉक लागतील ते मोजायला घेतलं होतं.